जाळीखालचा रंग

नंदनवन, नागपूर
ता. १३ मे

आयुषच्या आबाले,

तुमचं नाव मी कागदावर लिहीत नाही, नातवाचं लिहितो. पन्नास वर्षांत लिहिलं नाही, आता काय लिहीन. लिफाफ्यावर श्वेतानं लिहिलं आहे. सुनेले चालते.

फोन तुम्ही उचलत नाही. नऊदा लावला. दहाव्यांदा पार्वतीबाईनं उचलला अन् म्हणे, "वहिनी, दादा वावरात गेले." मागून तुमचा खोकला ऐकू आला. मे महिन्यात भिवापूरच्या वावरात काय आहे जी, ढेकळं? या वयात बहिणीले खोटं बोलाले लावता. म्हणून पत्र. पत्राले खोकून वापस पाठवता येत नाही.

अक्षर मोठं आलं असीन. घरात जाड पेनच होता. दुसरं काही नाही.

घरी सगळे बरे आहे. तुम्हाले जाऊन आठ दिवस झाले. बैठकीचं काम उरकलं. तुमचा दिवाण मागच्या खोलीत गेला, पेपरचे गठ्ठेबी गेले. बैठक श्वेताच्या पार्लरले द्याची हे घरात बसून ठरलं होतं अन् तुम्ही मान हलवली होती. अर्धी हलवली, पण हलवली. सहा वर्षं त्या पोरीनं सैपाकखोलीत फ्रिजच्या बाजूले खुर्ची टाकून बायांच्या भिवया केल्या. माह्या फोडणीच्या ठसक्यानं एक बाई शिंकली अन् तिची अर्धी भिवई गेली, ते विसरले का? आता तिले नवरी सजवाचं काम भेटून राहिलं. नवरी काय फ्रिजच्या बाजूले बसवाची?

राहिला रंग. त्यावरूनच तुम्ही गेले असं मी सगळ्याले सांगून राहिली.

गिरिधर पेंटर कार्ड घेऊन आला होता तेव्हा तुम्ही होतेच. "आजी, रंग दोन जातीचे राहते. थंडे अन् गरम. आसमानी, हिरवा, राखाडी हे थंडे. पिवळा, गुलाबी, पीच हे गरम."

मी म्हटलं, "हात लावून पाहाचे का?"

"डोळ्यानं पाहाचे, आजी."

तुम्ही आसमानीवर अडले. म्हणे नागपूरचं ऊन आहे, भिंत थंडी पाहिजे. भिंतीनं खोली थंडी होत असती तर लोकायनं कूलर कायले घेतले असते? अन् श्वेतानं सांगतलं होतं, आसमानी भिंतीपुढं नवरी तीन दिवसाच्या तापातून उठल्यावाणी दिसते. तिले फिक्का पीच पाहिजे होता. पेंटरनं भिंतीवर पीचचे चार पट्टे मारले, फिक्क्यापासून गडदपर्यंत. फिक्का तर भांड्याच्या पाण्यावाणी दिसे. दुसराबी मेलेला, तिसराबी. चौथा तेवढा बरोबर, उजळ, गोड. मी म्हटलं, चौथा.

तवा तुम्ही म्हटलं, "अंगणातली जाळी सोड, मंग पाहा." चव्वेचाळीसच्या उन्हात जाळी सोडाची! एप्रिलपासून अख्ख्या नंदनवनात घरोघरी हिरवी जाळी ताणली आहे, त्याच्याखाली माणूस जिवंत आहे. कोण सोडते?

दोन हात मारून झाले. बाजूच्या यमुताई पाहून गेल्या अन् म्हणे, "बाई, काय शोभते!" झालं. रंग पाहाले माणसानं भिवापूरवरून यावं असं काही राहिलं नाही.

मी त्या दिवशी काही बोलली असीन. ओघात माणूस बोलते. त्यावरून भर दुपारी टोपी घालून निघाचं, पाण्याची बाटलीबी घ्याची नाही, हे काही बरोबर नाही.

गोपिका

•

नंदनवन
ता. २२ मे

आयुषच्या आबाले,

उत्तर नाही. ठीक आहे.

पण पार्वतीबाईचा फोन आला. म्हणे दादा पत्र घेऊन अंगणात भर उन्हात बसले होते, एकेक ओळ बोटानं धरून, घंटाभर. तिनं म्हटलं आणा मी वाचून देतो, तर तुम्ही कागद बंडीच्या खिशात घातला. म्हणजे वाचता येते. एवढं समजलं, बरं झालं.

मंग ती म्हणे, "वहिनी, दादा म्हणते का गोपिकानं चार लोकात माही इज्जत काढली. असं काय बोलल्या तुम्ही?"

मी म्हटलं, "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही." तुमाले सांगतो, आवाज येत होता.

आता बसून लिहितो, कारण मनात ठेवलं का मले अपचन होते. मी काय बोलली? पेंटर उभा, यमुताई दारात, श्वेता अन् तुमचा लेक तिथंच. तुम्ही दुसऱ्यांदा म्हटलं जाळी सोड, तिसऱ्यांदा म्हटलं. मले राग आला. मी म्हटलं, "ज्याले लाल मिरची अन् फटकी मिरची वेगळी करता आली नाही म्हणून मिरची निवडाच्या सातऱ्यावरून घरी बसवलं, त्यानं मले रंग शिकवू नये."

पेंटर हसला. त्यात माहा काय दोष?

खोटं बोलली का मी? नाही. चार वर्षाआधी सातऱ्यावर तुम्ही पांढरी पडलेली फटकी मिरची लाल ढिगात टाकली, एकदा नाही, तीनदा. मालकानं बोलावून हळूच सांगतलं, भाऊ, पुढच्या सालापासून येऊ नका. तुम्ही घरी आले अन् मलेच सांगतलं. लोकाले काय सांगाचं ते आपण दोघांनी ठरवलं का गुडघे दुखते म्हणून सोडलं. ठरवलं ते मी पाळलं, चार वर्षं. यमुताईपासून पाळलं, ते काय सोपं आहे का? त्या तर बंद लिफाफ्यातलंबी सांगते.

एका दिवशी सुटलं तोंडातून.

तुमचा लेक माह्याशी धड बोलून नाही राहिला. काल ताटावर बसल्या बसल्या म्हणे, "आई, बाबाचे गुडघे दुखतच नव्हते?"

मी म्हटलं, "जेव."

"चार वर्षं मी दर महिन्याले गुडघ्याचं तेल आणून देऊन राहिलो. ते रोज लावत होते."

"मंग काय झालं? गुडघे चांगले राहिले ना!"

तो उठून गेला. श्वेता ताट उचलताना माह्याकडं पाहत होती. ती बोलत नाही, हे तिचं वाईट आहे. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं.

रंग चांगला दिसून राहिला. पार्लरचा मोठा आरसा लागला.

गोपिका

•

नंदनवन
ता. १ जून

आयुषच्या आबाले,

हे पत्र मी लिहिणार नव्हती, कारण तुम्हाले वाचून आनंद होईन. पण घरात कोणी हसून नाही राहिलं, तुम्ही तरी हसा.

परवा सांजी वावधन सुटलं. जाळीच्या तीन दोऱ्या तुटल्या, चौथीनं खांबाचा खिळा उपटून आणला अन् जाळी उडून यमुताईच्या गच्चीवरच्या टाकीले जाऊन गुंडाळली. सकाळी मी चहा घेऊन बैठकीत गेली अन् उंबरठ्यावरच थांबली. ऊन सरळ आत आलं होतं. तुमाले काय सांगू, मारुतीच्या देवळात आल्यावाणी वाटलं. चारही भिंतीले शेंदूर. मले तर पायातली चप्पल काढू वाटली.

श्वेता आतून आली. दोन्ही हात गालावर.

"आई, हा शेंदूर आहे."

"पीच आहे. कार्डावरचा नंबर पाहून घे."

"आई, नंबर बरोबर आहे. रंग शेंदूर आहे."

"सवय होईन."

"अन् नवरीले? तिले दोन घंट्यात कशी सवय होईन?"

तिचं बोलणं बरोबर होतं, म्हणून मले अजून राग आला. मी म्हटलं, नवीन जाळी आणून बांधू. म्हणे, बाराही महिने? मी म्हटलं, हो. म्हणे, दिवाळीतबी जाळी? पणत्या काय जाळीवर ठेवाच्या? सून बोलाले लागली, हा एक फायदा झाला.

गिरिधर पेंटरले फोन केला. तो म्हणे लग्नसराई आहे, चार घरं धरली आहे, आठ तारखेच्या आत माणूस नाही. अन् पाच तारखेले यमुताईच्या नातीचं, मुग्धाचं लग्न. श्वेताची पहिली मोठी नवरी तीच आहे. यमुताईनं अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं आहे का माही मुग्धा श्वेताकडूनच सजणार.

होते नीट. माणसाचं तोंड महत्त्वाचं, भिंतीले कोण पाहते.

गोपिका

•

नंदनवन
ता. ७ जून

आयुषच्या आबाले,

नीट झालं नाही.

पाच तारखेले सकाळी मुग्धा येऊन खुर्चीवर बसली अन् वीस मिनिटात लाईट गेली. आरशाभोवतीचे दिवे गेले. लग्न अकराचं, थांबता येत नाही. श्वेतानं खिडकीच्या उजेडात काम केलं. त्या भिंतीमधी पोरीचं तोंड असं लालबुंद, असं तेजदार दिसून राहिलं होतं का श्वेताचा हात आपोआप आवरला. लाली कमी लावली, पावडर वाढवली. मीबी पाहिलं. म्हटलं, वा.

मंगल कार्यालयाच्या उन्हात उतरली तवा पोरगी पिठाच्या डब्यातून काढल्यावाणी दिसली. पांढरी फक्क. नवरदेवाची मावशी म्हणे, "पोरीले बरं नाही का?" कोणी पाणी आणलं, कोणी लिंबू आणलं. श्वेता मंडपाच्या मागं जाऊन तिले पुन्हा लाली लावून राहिली होती. घरी आल्यावर ती खुर्ची भिंतीकडं फिरवून बसली. म्हणे, "आई, मी फ्रिजजवळच बरी होती."

ते मले लागलं. तुम्ही गेले ते मले तेवढं लागलं नव्हतं, खरं सांगतो. तुम्ही आधीबी तीनचारदा रुसून गेले आहे.

मंग मी त्या खोलीत एकटी बसली अन् डोक्यात सातरा आला. मी वीस वर्षं तिथं बसून मिरचीचे देठ खुडले. वर निळी ताडपत्री. तिच्याखाली लाल मिरचीबी काळी दिसे, फटकीबी बरी दिसे. म्हणून निवडणारा माणूस ताडपत्रीखाली कधी निवडत नव्हता. मूठ भरून बाहेर उन्हात जाये, हातावर पसरवून पाहे, मंग ढीग ठरवे. ते काम तुमचं होतं. आम्ही बाया तुमच्या पाठीमागं हसत होतो, हा माणूस दिवसातून शंभरदा आत बाहेर करते म्हणून.

जाळी सोड, मंग पाहा, हे तुम्ही डोळ्यानं नाही म्हटलं. कामाच्या रीतीनं म्हटलं. रीत विसरली मी, अन् बोलली तुमच्या डोळ्यावर.

काल मी गिरिधर पेंटरले बोलावलं. यमुताईले बोलावलं. त्या रागात होत्या, तरी आल्या, भांडाले आल्या. श्वेता अन् तुमचा लेक होतेच. सगळ्याले त्याच खोलीत, त्याच जागी उभं केलं. दार उघडं ठेवलं, ऊन आत येऊ दिलं.

यमुताई म्हणे, "वं गोपिका, माह्या नातीचे फोटो कोण दुरुस्त करून देईन?"

"ते मंग पाहू. आधी ऐका. यायनं तीनदा सांगतलं होतं जाळी सोड. मी ऐकलं नाही. भिंत बिघडली, मुग्धाचं तोंड बिघडलं, ते माह्यानं. श्वेताचा काही दोष नाही, हे तुम्ही गल्लीत सांगाचं. जेवढ्या जोरानं आधी सांगत होत्या, तेवढ्याच जोरानं."

यमुताईनं तोंड वाकडं केलं, पण हो म्हटलं.

"अन् दुसरं. यायच्या डोळ्याचं मी जे बोलली, ते मी बोलाचं नव्हतं. खरं होतं म्हणून बोलाचं नव्हतं. ते त्यायचं होतं, माहं नव्हतं."

पेंटर आपल्या पायाकडं पाहून राहिला होता. मंग म्हणे, "आजी, मीबी हसलो होतो."

"मंग तूबी सांग."

"चुकलो, आजी."

"मले नको सांगू. आबा आले का त्याइले सांग."

"येणार आहे का?"

मी म्हटलं, ब्रश धुऊन ठेव.

तर आता विचारतो. भिंत पुन्हा रंगवाची आहे. पेंटर म्हणे या डावाले थंडा घ्या. श्वेताले आता कोणत्याच रंगाचा भरोसा नाही, ती म्हणे पांढरा फासा अन् मोकळे व्हा. मी काहीच म्हणत नाही. तुम्ही सांगा, कसं पाहाचं.

बैठक वापस मागू नका. ती श्वेताचीच राहीन. तुम्ही रुसून गेले म्हणून मी ते बदलवणार नाही, अन् बदलवलं तर तुमालेच चांगलं वाटणार नाही. तेवढं सोडून जे म्हणाचं ते म्हणा.

चूक माही. एकदा लिहिली आहे, नीट पाहून ठेवा. पुन्हा लिहिणार नाही.

गोपिका

•

नंदनवन
ता. १६ जून

आयुषच्या आबाले,

चिठ्ठी भेटली. माह्याच पत्राच्या मागच्या बाजूले लिहून पाठवली, कागद वाचवला. श्वेतानं मोठ्यानं वाचली, "भिंतीवर पट्टे मारू नका. दोन फळ्या रंगवा, एक थंडी, एक गरम. अंगणात पाहा, खोलीत पाहा, सकाळी, दुपारी, सांजी. श्वेताले पाहू द्या. तू बोलू नको."

शेवटचं तिनं दोनदा वाचलं. तुमचा लेक हसला. महिन्याभरात पहिल्यांदा हसला, म्हणून मी ऐकून घेतलं.

दोन फळ्या रंगवल्या. आसमानी एक, फिक्का पीच एक, तोच जो जाळीखाली मले भांड्याचं पाणी वाटला होता. तीन दिवस श्वेता त्या घेऊन आत बाहेर करून राहिली. मी ओट्यावर बसून होती, तोंड बंद. यमुताईनं कंपाऊंडवरून डोकावून विचारलं, तब्येत बरी नाही का? दुसऱ्या दिवशी मुग्धा माहेरपणाले आली तशी श्वेतानं तिले बोलावून घेतलं अन् फळी तिच्या गालाजवळ धरून पाहिलं. मले वाटलं पोरगी पाय नाही ठेवणार इथं. आली, अन् म्हणे, "काकू, फोटोत मी भूत दिसतो, पण माह्या सासूले मीच गोरी वाटली." दोघी हसल्या.

आसमानीपुढं तिचं तोंड उतरलं. पीच दुपारी थोडा चढला. मंग श्वेतानंच पेंटरले सांगतलं का या पीचमधी पांढरा घाल, अजून घाल, अजून. पेंटर म्हणे, "वहिनी, मंग तो गरम राहत नाही." म्हणे, "जरासा राहू दे. हात लावला तर समजावा एवढा." दुधावरच्या सायीवाणी झाला. तिसरी फळी केली, तीबी तीन टाइम पाहिली, मंगच भिंतीले हात लावला. काल मी त्या आरशात पाहिलं. जशी आहे तशी दिसली. बरं नाही वाटलं, पण तक्रार करता येत नाही.

श्वेताले दोन नवऱ्या भेटल्या, दोन्ही यमुताईनं सांगून. त्या बाईच्या तोंडाचा एकदा तरी उपयोग झाला.

आता मुद्द्याचं.

तुमची चिठ्ठी श्वेतानं वाचली, मंग मी मागून घेतली. तिनं जे अडखळत वाचलं ते काहून, हे मले पाहाचं होतं. दुसरी ओळ पहिलीवर चढली आहे. "खोलीत"च्या अंगावर "श्वेता" लिहिलं आहे. शेवटची ओळ कागदाच्या खाली उतरून संपली, अर्धी पार्वतीबाईच्या चौरंगावर राहिली असीन. हे अक्षर चार वर्षाआधीच्या माणसाचं नाही. सातऱ्यावर तीन मिरच्या चुकवणाऱ्याचं नाही.

आपण दोघांनी लोकाले सांगासाठी गुडघे ठरवले. मंग तुम्ही रोज तेल लावत गेले, मी रोज पाहत गेली, अन् मलेबी वाटाले लागलं का गुडघेच दुखते. डोळे कसे आहे, हे चार वर्षांत मी एकदाबी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही सांगतलं नसतं, हे मले माहीत आहे. तरी विचाराले पाहिजे होतं.

तर शनिवारी सकाळच्या एसटीनं मी भिवापूरले येऊन राहिली. या म्हणाले येत नाही, न्याले येतो. पार्वतीबाईले सांगा, सैपाकात मले तिखट चालते. फाट्यावर उभे राहू नका, ऊन आहे. मी घर ओळखतो.

सोमवारी डोळ्याच्या दवाखान्यात नंबर लावला आहे. दोन नंबर लावले, एक तुमचा, एक माहा. मले शेंदूर पीच दिसला, म्हणजे माह्याही डोळ्याची तपासणी झाली पाहिजे. डॉक्टरसमोर आधी मी बसीन.

मागच्या खोलीले रंग दिला नाही. तीन फळ्या तिथं दिवाणाजवळ टेकून ठेवल्या आहे. दिसते तेवढ्यात पाहा, नाही दिसलं तर विचारा, मी सांगीन. खोटं नाही सांगणार.

अन् दवाखान्यातून आल्यावर यमुताई दारात उभ्या राहीन, त्या उभ्या राहतेच. त्याइले काय सांगाचं ते तुम्ही एसटीत बसून ठरवा. मी तेवढंच सांगीन.

गोपिका